पोकळ शीट

विश्रांतवाडीतल्या माझ्या पहिल्या फ्लॅटसाठी पुस्तकांचं कपाट करायचं होतं. फसवणूक नको, म्हणून इंटरनेटवरची माहिती छापून मी नारायण पेठेतल्या प्लायवुडच्या दुकानात गेले आणि शीटवरचा शिक्का वाचू लागले.

"शिक्का कोणीही मारतं," पेपरातून डोकं वर न काढता म्हातारे दुकानदार म्हणाले. "कडेला फट आहे का बघा. मग ठोका. पोकळ असेल तर आवाजावरून कळतं."

मी हळूच ठोकलं.

"अहो, आत येऊ का विचारताय? जोरात!"

त्यांनीच काढून दिलेली शीट मी सगळीकडे ठोकली. मधोमध आवाज बदलला. ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी कधी इतकं स्पष्ट बोलले नव्हते, पण म्हणाले, "ही पोकळ आहे."

"आहेच," असं म्हणून त्यांनी ती पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा थप्पीवर ठेवली.