बघूकाका बघून आले

शीतगृहातल्या माणसांना त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. पगाराच्या यादीत होतं कुठंतरी, ते तिथंच राहिलं. सगळ्यांचे ते बघूकाका. कुणी येऊन म्हणालं, दोन नंबरच्या खोलीत गारवा कमी वाटतोय, की काका म्हणायचे, "बघू." जाड कोट चढवायचा, बॅटरी उचलायची आणि खरंच जाऊन बघायचं. काटा बघायचा, पंखा बघायचा, दाराच्या चौकटीवरून हाताची पालथी बाजू फिरवून कुठून हवा लागते का ते बघायचं. बघितल्याशिवाय हा माणूस मशीन बिघडलंय असंही म्हणायचा नाही आणि ठीक आहे असंही म्हणायचा नाही. सफरचंदं, लोणी, गोठवलेले मासे असा लोकांचा केवढा तरी माल त्यांच्या भरवशावर होता आणि त्यांनी तो कधी नासू दिला नाही.

घरी मात्र याच शब्दाला वेगळा वास यायचा. नळ गळतोय, बघू. पडदे बदलायला झालेत, बघू. चार दिवस कुठंतरी फिरून येऊ या का, बघू. काकूंनी संसाराची पहिली काही वर्षं या शब्दावर विश्वास ठेवला आणि मग नाद सोडला. त्यांचं म्हणणं असं, की कामावरचं बघू म्हणजे बघू आणि घरातलं बघू म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणायची छाती नाही म्हणून बघू. हे त्या काकांच्या देखत, भाजी चिरता चिरता सांगायच्या. काका वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

मुली दोन. थोरली लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दिवसाआड येऊन, काय खायला आहे म्हणत फ्रिज उघडून उभी राहायची. धाकटी घरातच होती. धाकटी म्हणजे काकांचं शेपूट. शाळेत असल्यापासून डबा द्यायच्या निमित्तानं ती शीतगृहात यायची आणि डबा खाऊन संपला तरी हलायची नाही. एका वर्षी तीन नंबरच्या, म्हणजे सगळ्यात थंड खोलीची जमीन मधोमध फुगून वर आली. एवढीशी पोर कमरेवर हात ठेवून विचारायला लागली, जमीन कशी काय फुगली? काका म्हणाले, बघू. फरशी फोडली तर खालची माती गोठलेली आणि तिच्यात बर्फाचे थर धरलेले. थर वाढले आणि त्यांनी जमीन उचलून धरली. काकांनी तिला हाताला धरून खड्ड्यात उतरवलं आणि तो थर बोटांनी चाचपायला लावला. चूक झाली ती तिथं. गोठलेल्या जमिनीवर घरं आणि रस्ते कसे बांधायचे याचं म्हणे आता रीतसर शिक्षण असतं, ते देणारं विद्यापीठ पार उत्तरेला, नकाशाच्या वरच्या काठाला चिकटलेल्या एका शहरात आहे, आणि तिथं धाकटीला प्रवेश मिळाला. हे खूळ कुणी भरवलं म्हणून बोट दाखवायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

तिनं ते जेवताना सांगितलं. महिना संपायच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं. साधं बांधकामाचं शिक्षण गावातल्या कॉलेजातही मिळालं असतं आणि रोज संध्याकाळी घरी येता आलं असतं, तेही तिनं आपणहून सांगितलं. काका म्हणाले, बघू.

धाकटीनं हातातला घास ताटात ठेवला.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही. रडेन चार दिवस, पण जाणार नाही. फक्त सरळ नाही म्हणा. बघू म्हणू नका."

काकांनी तोंड उघडलं. त्यांना बिचाऱ्यांना दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं, पण जिभेला इतक्या वर्षांचं वळण. पुन्हा तेच बाहेर पडलं. धाकटी उठली, आपलं ताट घासून पालथं घातलं आणि खोलीत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून घरात अबोला.

आता खरं सांगायचं तर नाही म्हणायला काकांना आवडलंच असतं. ती गेली की घर खायला उठणार होतं. संध्याकाळी ते कामावरून आले की ती चहाचा कप घेऊन समोर बसायची आणि आज कॉम्प्रेसर कसा घरघरत होता ते विचारायची. हा प्रश्न त्यांना जगात दुसरं कुणी विचारत नव्हतं. काकूंना तर मशीनचा विषय निघाला की जांभया यायच्या. पण मला करमणार नाही, हे काय कारण झालं? तेवढ्यावर पोरीची वाट अडवायची? कारण हवं होतं बाहेरचं, दणकट, चारचौघांत सांगता येईल असं. आणि तसलं कारण घरी बसून सापडणार नव्हतं.

काकांनी रजा मागितली. आजवर कधी मागितली नव्हती, त्यामुळे साहेब घाबरले आणि तब्येतीची चौकशी करू लागले. धाकटीला त्यांनी मशीनचा पार्ट आणायला जातोय असं सांगितलं. काकूंना खरं सांगितलं. काकूंनी बॅगेत मोज्यांचे दोन जोड जास्तीचे घातले आणि बॅगेची चेन ओढताना म्हणाल्या, "नाही म्हणायला कारण शोधायला निघालात. मला काय कळत नाही?" काकांनी बॅग काखोटीला मारली.

गाड्या बदलत बदलत ते उत्तरेला निघाले. आधी शेतं संपली, मग गावं विरळ झाली, मग नुसती काटकुळी झाडं आणि त्यांच्या डोक्यावर टेकल्यासारखं आभाळ. काका प्रत्येक स्टेशनावर खूश होत होते. इतक्या लांब कोण पाठवतं मुलीला? पण अंतर हे कारण धाकटीला आधीच माहीत होतं, ते चालणार नव्हतं.

थंडीनं पहिला दगा दिला. काका शीतगृहातला कोट घालून, कानटोपी ओढून स्टेशनाबाहेर आले, तर रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग वितळत पडलेले आणि लोक साध्या स्वेटरवर फिरत असलेले. तीन नंबरची खोली याहून गार होती. दुसरा दगा खानावळीनं दिला. सूप, पाव, बटाटे, सगळं गरम आणि हवं तेवढं. काकांनी खोड काढायच्या इराद्यानं एक ताट घेतलं आणि मग, नीट पारख व्हावी म्हणून, दुसरं. वर्गांपासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता अंधारा असेल म्हणून संध्याकाळ होईपर्यंत थांबले, तर सगळे दिवे लागले. वसतिगृहाच्या बाई ढिल्या असतील अशी शेवटची आशा होती. त्या बाईंनी काकांनाच दारात अडवून कोण, कुठले, कशासाठी अशी उलटतपासणी घेतली, की काकांना घाम फुटला आणि मनातून बरंही वाटलं.

मग ते तळघरात गेले, कारण मशीन असेल तिथं त्यांचे पाय आपोआप वळतात. तिथं एक ढेरपोट्या म्हातारा बॉयलरवाला स्टुलावर बसून पाइपांचे आवाज ऐकत होता. दोघांचं घटकेत जमलं. एकाचा जन्म माल गार ठेवण्यात गेला, दुसऱ्याचा पोरी गरम ठेवण्यात, आणि दोघांची वैरीण एकच, फट. बॉयलरवाल्यानं झडपा दाखवल्या, गेज दाखवले, कोळशासारखा काळा चहा पाजला. बॉयलरमध्ये काकांना काही म्हणता काही खोट सापडेना.

"बॉयलर माझा चोख आहे," म्हातारा म्हणाला, "पण वर जाऊन बघा, पाहुणे."

पहिल्या वर्षाच्या मुलींचा मजला वरचा होता. बॉयलरवाल्यानं एक रिकामी खोली उघडून दिली. पलंग, टेबल, कपाट. काका खिडकीपाशी गेले आणि सवयीनं हाताची पालथी बाजू चौकटीवरून फिरवली. खालच्या कोपऱ्यात वारा लागला. बारीक, धारदार, बर्फावरून आलेला. पुन्हा हात फिरवला. पुन्हा लागला.

सापडलं. काका पलंगावर बसले. इतका प्रवास सार्थकी लागला होता. हिवाळ्यात ही खोली राहण्याच्या लायकीची नाही, मी हात लावून बघितलंय, आता धाकटीही काही म्हणू शकणार नव्हती. मनातल्या मनात त्यांनी ते वाक्य दोन-तीनदा म्हणून बघितलं. छान बसत होतं.

"दर वर्षी सांगतो वरच्यांना," बॉयलरवाला दारातून म्हणाला. "कोण ऐकतंय! पोरी मोजे कोंबतात फटीत."

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. एक मुलगी कानटोपी घालून वाचत बसली होती आणि तिच्या खिडकीच्या कोपऱ्यात खरंच एक लाल मोजा कोंबलेला होता. काका त्या मोज्याकडे बघत राहिले. धाकटी कुठला मोजा कोंबेल? ते काकूंनी विणलेले निळे तर ती कोंबणार नाही, ते ती जपते. म्हणजे पांढरे, आणि मग पायांत काय घालेल? आणि हा हिशेब करता करता काकांच्या लक्षात आलं, की आपण पोरीला या खोलीत आणून बसवलंसुद्धा. घरातल्या चहाच्या टेबलाशी ती त्यांना आता दिसेना. त्यांनी खिशातला टेप काढला आणि चौकट मोजली. मग बॉयलरवाल्याला विचारलं, दाराला लावतात ती रबराची पट्टी गावात कुठं मिळते?

पट्टी आणली, पण लावायला बाईंची परवानगी हवी. काकांनी सगळं समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बघू."

काका जागच्या जागी थिजले. आयुष्यभर हा शब्द त्यांनी लोकांना दिला होता. समोरून घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली. त्यात धरायला काहीच नव्हतं. काकू इतकी वर्षं हे ऐकत आल्या होत्या.

"बाई, बघू म्हणू नका," काका म्हणाले. "हो म्हणा, नाहीतर सरळ नाही म्हणा. मी थांबतो."

आणि ते थांबले. बाईंनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा काकांच्या कोटाकडे, आणि वैतागून हो म्हणाल्या.

रिकाम्या खोलीची खिडकी घटकाभरात झाली. काकांनी हात फिरवला, वारा बंद. ते सामान आवरायला लागले तेव्हा बॉयलरवाल्यानं डोकं खाजवलं आणि विचारलं, तुमच्या मुलीला हीच खोली मिळेल कशावरून? खोल्या तर वर्ग सुरू होतात तेव्हा चिठ्ठ्या टाकून देतात.

काकांनी दाराबाहेर डोकावून लांबलचक बोळाकडे बघितलं. मग कोट काढून खुंटीला लावला. बॉयलरवाला पट्ट्या कापून द्यायचा, काका गुडघ्यांवर बसून चिकटवायचे, आणि ज्या खोलीत काम चाले तिथली मुलगी पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसायची. रजा संपली, तेव्हा साहेबांना कळवून वाढवून घेतली. लाल मोजा त्या मुलीनं धुवून वाळत घातला.

घरी आले तेव्हा धाकटी ओट्याशी उभी होती. तिनं चहा ठेवला, पण बोलली नाही. पार्ट मिळाला का, एवढंही विचारलं नाही. काका खुर्चीत बसले. बोटांना गोंद अजून चिकटलेला होता, तो ते नखानं काढत राहिले.

"तू जा," ते म्हणाले.

धाकटी वळली.

"मी बघून आलोय. चांगलं आहे. जेवण बरं आहे, बाई कडक आहेत, बॉयलर उत्तम आहे. मला करमणार नाही, पण ते माझं मी बघेन. तू कळवून टाक."

चहा उतू गेला. काकूंनी येऊन गॅस बंद केला आणि पदरानं डोळे पुसता पुसता, बघितलंस, हे तुझे पार्ट आणणारे, असं काहीतरी पुटपुटल्या. धाकटी काकांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि साचलेलं सगळं एकदम विचारायला लागली. शहर कसं आहे, थंडी किती, वर्ग कुठं, रस्ता कसला. काकांनी जे बघितलं होतं ते सांगितलं. रात्रीची भांडी तशीच पडून राहिली.

"एकच धाकधूक आहे," शेवटी ती म्हणाली. "वरच्या वर्गातल्या एका मुलीनं कळवलंय मला. म्हणाली, खोली बघून घे, खिडकीतून फार वारा येतो. नशीब असेल तरच बरी खोली मिळते."

"कुठलीही घे," बघूकाका म्हणाले.