दोन आज्यांमधला पंधरवडा

माझी मोठी मावशी कपडे शिवत नाही, सुधारते. पँट आखूड करणं, शर्ट सैल करणं, गेलेली चेन बदलणं. "नवं कुणीही शिवेल गं. बिघडलेलं सुधारायला अक्कल लागते," असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते आणि गिऱ्हाईकही निमूटपणे टाचण्या टोचून घेतं. स्वभावाने लोण्यासारखी. फक्त एक आहे, हेवा तिच्या पायात उतरतो. तिचं जुनं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात शिरताना दिसलं की मशीन एकदम धडधडायला लागतं.

गेलं वर्षभर ते मशीन विहीणबाईंच्या नावाने धडधडत होतं.

मावशीचा मुलगा परदेशात. नात, म्हणजे ठकी, जन्मली तेव्हा विहीणबाई तिथे होत्या आणि मावशी इथे दुखरा गुडघा घेऊन पलंगावर. पहिली आंघोळ त्यांनी घातली. "फोटोत बघितलंस ना, बाळाला कसं धरलंय? कलिंगड धरावं तसं," मावशी मला म्हणाली. मला तरी ते बाळासारखंच धरलेलं दिसत होतं, पण मी मान हलवली. मलाही पँट आखूड करून घ्यायची होती.

ठकी वर्षाची होत आली आणि सुनेचं ऑफिस पुन्हा सुरू व्हायची वेळ आली. पाळणाघरात जागा मिळायला सहा महिने होते. मुलाचा फोन आला, "आई, तुम्ही दोघी आळीपाळीने याल का? जास्तीची खोली एकच आहे. निम्मं निम्मं करा. कसं ते तूच ठरव."

तूच ठरव, हे ऐकून मावशी पाच वर्षांनी लहान झाली. कापायच्या टेबलावर तिने खडूने एक लांब पट्टा आखला आणि सहा महिने त्यावर आडवे झोपवले.

"पहिला तुकडा त्यांना," ती म्हणाली.

"तू आधी नाही जाणार?" मी विचारलं.

"पहिल्या तुकड्यात काय आहे? दात येणार, जुलाब होणार, रडारड होणार. ते त्यांनी काढावं. बोलायला लागेल ती माझ्या तुकड्यात."

इतका थंड डोक्याचा कट मी आमच्या घराण्यात पाहिला नव्हता. तिने लगेच फोन करून विहीणबाईंना त्यांच्या तारखा सांगितल्या. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, मऊ आवाजाच्या. "तुम्ही म्हणाल तसं," एवढंच म्हणाल्या. त्यानेही मावशीचा जळफळाटच झाला. "बघ कशी गोड बोलते. भांडतसुद्धा नाही."

दोघींची तिकिटं निघाली आणि मुलाचा पुन्हा फोन आला. "आई, मधला एक पंधरवडा तुम्ही दोघीही इथे आहात."

आता, कापडाचे दोन तुकडे जोडायचे तर जोडाच्या दोन्ही बाजूंना थोडं जास्तीचं कापड सोडावं लागतं. त्याला माया म्हणतात. मावशीच्या हाताला चाळीस वर्षांची सवय. तिने विहीणबाईंचा तुकडा मध्याच्या एक आठवडा पुढे नेला होता आणि स्वतःचा एक आठवडा अलीकडे ओढला होता.

"ते शिवणीत जातं रे," ती मुलाला म्हणाली.

"आई, माणसं शिवणीत जात नाहीत. त्यांचं तिकीट बदलता येत नाही, तुझं येतं. तू पंधरा दिवस उशिरा ये."

"मी नाही माझं कापड सोडणार," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

विहीणबाई गेल्या. मग एका दुपारी व्हिडिओ कॉलवर मावशीने पाहिलं: ठकी त्यांच्या मांडीवर बसली, त्यांचा चष्मा ओढला आणि स्वच्छ म्हणाली, "आजी." कट उधळला होता. मावशीने शाबासकी दिली, हसली, फोन ठेवला. त्या दिवशी एका सज्जन गृहस्थाची पँट गुडघ्यापर्यंत आखूड झाली.

मावशी तिथे पोचली तेव्हा ठकीने दारातच तिच्याकडे पाहून भोकाड पसरलं आणि विहीणबाईंच्या मानेला मिठी मारली. मावशीने हात पुढे केले तर लाथा. दोन दिवस असंच चाललं. मावशीला वाटलं, ही बाई मनातून किती खूश झाली असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाई चपला घालून दाराशी उभ्या राहिल्या. "मी बागेत जाऊन बसते."

"ती रडेल ना," मावशी म्हणाली.

"रडू दे थोडी. मी समोर असले तर तुमच्याकडे यायची नाही. आणि एक सांगते, मी मुद्दाम जातेय. मला काही ते आवडत नाहीये." आणि त्या गेल्या.

ठकी रडली, दमली, मग मावशीच्या ब्लाऊजवरची टाचणी काढायला लागली. मावशीने टाचणी लपवली आणि ठकी ती शोधत मांडीवर चढली. चौथ्या दिवशी विहीणबाई जास्त वेळ बाहेर बसल्या, पाचव्या दिवशी त्याहून जास्त. संध्याकाळी परत येताना त्यांचे डोळे लाल दिसायचे. तिकडे गार वारं फार असतं, असं त्या म्हणायच्या. मावशीला तसला हेवा ओळखता येत होता. तिने चहा आधी त्यांच्या हातात दिला.

पंधरवडा संपला. विमानतळावर ठकी मावशीच्या कडेवर होती. विहीणबाई काचेपलीकडे दिसेनाशा झाल्या आणि ठकी हुंदके देत "आजी, आजी" म्हणून रडायला लागली.

हे मला मावशीनेच फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "मग तुला वाईट वाटलं असेल."

"वाटलं तर," मावशी म्हणाली. "जीव जळला. त्यांच्या नावानेच रडत होती. पण माझ्या खांद्यात तोंड खुपसून."