आधी घरी, मग फळ्यावर

महाजन सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्याखाली, फळ्यासमोर खडू घेऊन उभी होते. बी.ए.च्या पूजाला विद्यापीठाच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. तिचं नाव अर्धं लिहून झालं होतं. फोन ठेवला आणि पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की हिच्या घरी अजून कोणी गेलेलं नाही... सर असते तर त्यांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला असता. मी ते अर्धं नाव पुसलं आणि सरांच्या घरी गेले.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या कला महाविद्यालयात सर निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवत होते. जिन्याखालचा फळाही त्यांच्याकडेच होता. कोणा प्राध्यापकाचं पुस्तक आलं, विद्यार्थ्याला बक्षीस मिळालं, जुना विद्यार्थी कुठे अधिकारी झाला, की ते त्यावर लिहायचं. पण सरांचा नियम होता : आधी घरी, मग फळ्यावर. राजपुऱ्यातून मावा जलेबीचं पुडकं घ्यायचं, स्कूटर काढायची आणि ज्याचं यश त्याच्या दारात जाऊन वर्गात बोलावं तशा आवाजात सांगायचं, म्हणजे आजूबाजूच्या चार घरांनाही ऐकू जायचं. ‘मार्कशीट घरचे कपाटात ठेवून देतात,’ ते म्हणायचे, ‘गल्लीनं ऐकलेलं कपाटात ठेवता येत नाही.’ प्राचार्यांचा ग्रंथ आला तेव्हा सर त्यांच्या म्हाताऱ्या आईला सांगायला गेले. तिनं म्हणे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘एवढं लिहितो, मग मले एक चिठ्ठी काहून नाही लिहत?’ हेही सरांनी स्टाफरूममध्ये प्राचार्यांसमोरच सांगितलं. भीड त्यांना ठाऊकच नव्हती. आणि चेहरे लक्षात ठेवायच्या बाबतीत आनंदीआनंद. मोगल बेगमांची नावं तोंडपाठ, पण पुढच्या बाकावरच्या मुलीला वर्षभर ‘तू गं’ म्हणायचे.

त्यांच्या ह्याच खोडीनं माझं आयुष्य बदललं. माझं दुसरं वर्ष संपलं होतं आणि आता शिक्षण पुरे असं घरात ठरलं होतं. रावेरकडचं स्थळ आलं होतं, बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. एका दुपारी बहादरपुरात आमच्या दारात स्कूटर थांबली. माझे वडील, आबा, नुकतेच बागेतून आले होते, अंगात केळीच्या चिकाचे डाग पडलेला सदरा. सरांनी पुडकं त्यांच्या हातात ठेवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की तुमची सुनीता निबंध स्पर्धेत अख्ख्या विद्यापीठात पहिली आली. मी चौकटीला धरून उभी. मी कुठलाच निबंध लिहिला नव्हता. गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक सुनीता चौधरी होती, माझ्यापुढे एक वर्ष... बोलायला हवं होतं. तोवर आबांनी शेजारच्यांना हाका मारल्या होत्या आणि जलेबी वाटली जात होती. चार दिवसांनी ते म्हणाले, ‘तिसऱ्या सालाचा फॉर्म भरून दे. रावेरवाल्यायले मी सांगतो.’

कॉलेज उघडल्यावर मी सरांसमोर रडतच सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि विचारलं, ‘फळ्यावर लिहिलंय का मी तुझं नाव?’ मी नकारार्थी मान हलवली. ‘मग झालं तर. घरी सांगून झालंय. आता फळ्यावर यायचं तेवढं राहिलंय, ते तुझं काम.’ त्या एका वाक्यावर मी एम.ए. केलं, पुढे ह्याच कॉलेजात लागले. पीएच.डी. झाले तेव्हा सर निवृत्त होते. काठी टेकत आले आणि माझं नाव त्यांनी स्वतः लिहिलं. ‘सर, घरी नाही आलात?’ मी विचारलं. ‘घरी मागेच सांगून आलोय ना भई.’ आम्ही दोघंही खूप हसलो. पण आबांचं काय? घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते त्या निबंधाचं सांगायचे, आणि मी चहा करायच्या निमित्तानं आत जायचे. इतकी वर्षं हे मनात सलत राहिलं.

सरांचं तेरावं झालं, त्या संध्याकाळी ओट्यावर आबांशेजारी बसले आणि सांगून टाकलं. ‘आबा, ते निबंधाचं बक्षीस माझं नव्हतं.’

आबा रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, ‘मले ठाऊक हाय. दुसऱ्याच दिवशी सर परत आलते. माफी मागितली त्यायनं. पोरीले यातलं काही सांगू नका म्हणे.’

मी विचारलं, ‘मग तुम्ही फॉर्म कसा भरू दिला?’

‘साऱ्या गल्लीनं जलेबी खाल्ली होती बेटा,’ आबा म्हणाले. ‘ते तं परत नाही घेता येत.’ मग म्हणाले, ‘आन् खरं सांगू का... लोकं तुह्यं नाव घेत होते ते मले लई बरं वाटलं होतं.’

मी तिथेच बसून रडले. सरांसाठी, आणि आबांसाठीही. माझं एक खोटं मी वर्षानुवर्षं जपत होते आणि ते दोघं मला जपत होते.

दुसऱ्या दिवशी राजपुऱ्यातून जलेबीचं पुडकं घेतलं आणि पूजाच्या गावी, जसोंडीला गेले. दारात उभी राहून घरातल्या बाईला आधी विचारलं, कॉलेजात भाषण करते ती पूजा ह्याच घरची ना? ती हो म्हणाली, तेव्हा चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ती नाही म्हणाली असती, तरी ते पुडकं मी परत आणलं नसतं.