पारबताबाईने घेतलेलं माप

परवा दुपारी घरी पेपर चाळत बसले होते. जेलमधून सुटणाऱ्या बायकांना शिवणकाम शिकवून कामाला लावणार, अशी कोपऱ्यात छोटीशी बातमी होती... आणि एकदम पारबताबाई आठवली. मग दुपारची झोप काही आली नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. सासऱ्यांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. बायकांची मापं पुरुषांनी कशी घ्यायची? म्हणून पडद्याआडचं ते काम माझ्याकडे आलं.

एक दिवस ओळखीच्या वकिलीणबाई पारबताला घेऊन आल्या. त्या जेलात बायकांना शिवण शिकवायला जायच्या. पारबता नुकतीच सुटली होती. दारुड्या नवऱ्याचा मार खाता खाता एकदा तिने हातातला विळा उगारला, आणि तो मेला... वकिलीणबाईंनी काही लपवलं नाही.

सासऱ्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, आमच्या धंद्यात कात्री लागते. इच्या हातात देऊ कशी?"

पारबताच बोलली. "नका देऊ जी. काज-बटनच करीन मी."

तेवढ्यावर ती राहिली. मागच्या अंगणात पाणी प्यायला जायचं तरी उंबऱ्याशी उभी राहून विचारायची, "जाऊ का?" शेवटी मीच म्हटलं, "पारबताबाई, इथी कोणी विचारत नाई." तरी ती सवय सुटायला अख्खा पावसाळा गेला.

मशीन तिला येत होतं, माप घेणं येत नव्हतं. माझ्याच अंगावर मी तिला शिकवलं. खांदा, बाही, छाती... टेप धरताना ती माझ्या अंगाला बोटही लागू द्यायची नाही. किती वर्षांत तिने कुणाला मायेने हात लावला नव्हता, कोण जाणे.

काही बायकांनी आमच्याकडे येणं सोडलं. एकीने तर दारातच ऐकवलं, "त्या खुनी बाईचा हात माह्या कपड्याले नाई लागला पाह्यजे." सासरे शांतपणे म्हणाले, "मंग दुसरं दुकान पाहा बाई." आणि त्याच दिवशी त्यांनी स्वतःची मोठी कात्री पारबतासमोर ठेवली.

ती चांगली रुळली. फक्त लहान मुलींचे कपडे आले की तिचा हात मंदावायचा. एकदा परकर शिवता शिवता विचारलं, "सात वर्साची पोट्टी केवढी असते जी?" मी कमरेशी हात धरून दाखवलं. ती माझ्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली...

मग सगळं सांगितलं. ती जेलात गेली तेव्हा तिची शेवंती नुकती पाऊल टाकायला लागली होती. चामोर्शीकडे राहणाऱ्या भावाने आणि वहिनीने तिला वाढवलं. पोर त्यांनाच आई-बाप समजत होती. पारबता सुटून आमच्याकडे आल्याचं कळल्यावर भावाचा निरोप आला होता, पोरीला काही सांगू नको, इकडे येऊ नको.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. आम्ही दरवर्षी मशीन घेऊन जायचो आणि वैनगंगेच्या काठी कापडी पाल ठोकायचो. जागेवर माप, जागेवर शिलाई. त्या वर्षी पारबताही आली.

दुपारी एक बाई मुलीचा हात धरून पालासमोर उभी राहिली. पारबताने मान वर केली, आणि हातातला कपडा हातातच राहिला. "वयनी..." एवढंच ती पुटपुटली. मी मुलीकडे पाहिलं. हनुवटी अगदी पारबताची.

पण वहिनी मलाच म्हणाली, "पोरीले पोलकं शिवाचं आहे." मग पारबताकडे बघून म्हणाली, "माप ह्या बाईनंच घ्यावं."

पारबता उठली. टेप मुलीच्या खांद्यावर ठेवला... पुन्हा ठेवला. बाहीचं माप झालं तरी मनगट सोडेना. शेवंती खुदकन हसली. "आई, गुदगुल्या होऊन राह्यल्या!" ती वहिनीला म्हणाली. पारबताने टेप गुंडाळून ठेवला. माप सांगायचंही राहून गेलं. ते मीच अंदाजाने कपड्यावर खडूने आखलं.

पोलकं तिनेच कापून शिवलं, माझ्या खडूच्या रेषेच्या बरंच बाहेरून. शेवंती शेजारी बसून फुटाणे खात मशीनचं चाक बघत होती. मध्येच एक फुटाणा तिने पारबतालाही दिला. पारबताने तो तोंडात टाकला, पण किती तरी वेळ चावलाच नाही.

अंगात घातलं तर पोलकं चांगलंच सैल. "ढिल्लं झालं जी," वहिनी म्हणाली.

"वाढतं अंग आहे," पारबता खाली बघत म्हणाली.

वहिनीने पोलक्याची सैल बाही चिमटीत धरून पाहिली. मग हळूच म्हणाली, "पोरीच्या बापाले सांगून नाई आली मी. पण पुढच्या साली हे घट्ट होईन... तवा पुन्हा आणीन इले."

आणि तिने खरंच आणलं. पुढची कितीतरी वर्षं शेवंतीचं जत्रेचं पोलकं आमच्याच पालात शिवलं गेलं. मग तिचं लग्न झालं, ती पार सिरोंच्याकडे गेली, आणि वहिनीही येईनाशी झाली.

पारबता मात्र दरवर्षी आमच्याबरोबर मार्कंड्याला यायची. गिऱ्हाईक नसलं की टेप गळ्यात टाकून नदीकडून येणाऱ्या बायका बघत बसायची... शेवंतीला तिने कधीच काही सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, काऊन नाई सांगितलं? तर म्हणाली, "तिले आई आहे ना जी."

पारबताबाईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुमच्या घराने तिला उभं केलं, असं जुनी माणसं अजून म्हणतात. काम आम्ही दिलं, हे खरं. पण नवऱ्याला न सांगता, पोरीचा हात धरून जत्रेच्या गर्दीतून कुणी तिच्याकडे आलं होतं... ते आम्हाला देता आलं नसतं.

त्या वहिनीचं नाव मला आजही माहीत नाही. जिथे असेल तिथे तिला माझा नमस्कार.