बोटांचे ठसे

मस्कतमधल्या आमच्या ओळखीत कुणी युरोपला निघालं की मला फोन येतो. आम्ही गेलो एकदाच, पण परत आल्यावर मी सगळ्या सूचना नीट लिहून काढल्या आणि ती यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहिली. ओमानच्या रेसिडेंट कार्डाची मुदत परतल्यानंतर किमान तीन महिने तरी हवी. उन्हाळ्यात जायचं तर व्हिसाची अपॉइंटमेंट फार आधी धरा. मोठ्या बॅगा नकोत, जुन्या गावांतल्या दगडी रस्त्यांवर चाकं निखळतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. हे सगळं मी न अडखळता सांगतो. त्या सहलीच्या वेळी मी आईशी काय केलं, ते मात्र आजवर सांगितलेलं नाही.

बाबा गेल्यावर मी आईला चिपळूणहून मस्कतच्या वादी कबीर भागात, आमच्या फ्लॅटवर आणलं होतं. तिने तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत भूगोल शिकवला. फळ्यावर इटलीचा बूट ती खडू न उचलता काढायची. युरोपला जायचं ठरतंय हे कळल्यावर ती जेवताना मुलांना नद्यांची नावं विचारायला लागली. मुलं आपसात इंग्रजीत बोलायची, आजीला अर्धवट मराठीत उत्तरं द्यायची, आणि ती त्यांचे उच्चार न सुधारता ऐकून घ्यायची. रुवीच्या बाजारातून तिने चालायचे बूट आणले. ते घालून ती रोज ऊन उतरल्यावर बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायची. वर आली की सांगायची, "आज सहा झाल्या. गुडघा कुरकुरला नाही."

गुडघा कुरकुरायचा. जिन्यावर ती कठडा धरून थांबायची, ते मी पाहिलं होतं. बारा दिवसांत मी चार शहरं बसवली होती आणि प्रत्येक दिवसाचं तासवार वेळापत्रक केलं होतं. त्यात दर दोन तासांनी कुठेतरी टेकणारी म्हातारी बसत नव्हती.

"आईला घेऊन हे जमायचं नाही," मी बायकोला म्हणालो.

"मग तसं सांग त्यांना."

"वाईट वाटेल तिला."

"वाटू दे. खरं तर असेल ना ते."

मी सांगितलं नाही. आईकडून पासपोर्ट आणि दोन फोटो घेतले आणि गाला भागातल्या ऑफिसमधल्या माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. फ्रान्सच्या व्हिसा केंद्रात अर्ज द्यायला आम्ही चौघंच गेलो. मुलीने विचारलं तेव्हा आजीचं काम वेगळ्या दिवशी आहे असं सांगितलं. आमचे व्हिसे आले त्या संध्याकाळी ड्रॉवरमधला तिचा पासपोर्ट परत आणून मी आईसमोर बसलो.

"आई, तुझा व्हिसा नाकारला गं त्यांनी."

ती म्हणाली, "कारण काय दिलं?"

"कारण देत नाहीत ते."

खरं तर कारण लेखी देतात. हेही माझ्या यादीत आहे.

जून संपत आला होता. शाळांना सुट्टी लागली होती, बिल्डिंगमधली निम्मी कुटुंबं भारतात गेली होती. आईला चिपळूणला पाठवावं असं मला सुचलं, पण तिकिटं महाग झाली होती आणि बारा दिवसांचाच प्रश्न होता. फ्रीज भरला, शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघालो. आईने आमच्याबरोबर मेतकूट आणि दशम्या दिल्या. "तिकडे पोळी मिळायची नाही," म्हणाली.

सहल चांगली झाली, असं सगळ्यांना सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरावर जाणाऱ्या गाडीत आमच्या समोर एक बाई बसली होती. आईपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी. हातात चाकांचा वॉकर. स्टेशनवरच्या माणसाने फळी टाकून तिला आत घेतलं, वर पोचल्यावर पुन्हा फळी टाकून उतरवलं. गाडीला एक मिनिटही उशीर झाला नाही. मुलगी त्या बाईकडे बघत होती.

"बाबा, आजी पण आली असती ना? हे तर ईझी आहे."

बायकोने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मी मुलीला बर्फाचे फोटो काढायला सांगितलं.

परतल्यावर आईने सगळे फोटो पाहिले, कुठला डोंगर कुठल्या रांगेत येतो ते मुलांना सांगितलं. आपल्याला फ्रान्सने नाकारलं हे तिने तोवर देवळात भेटणाऱ्या बायकांनाही सांगून टाकलं होतं. बायकांनी तिच्या बाजूने फ्रान्सला नावं ठेवली होती.

पुढच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी खालच्या मजल्यावरचं जोडपं सूचना विचारायला आलं. त्यांना पुण्याहून आईवडिलांना बोलावून बरोबर न्यायचं होतं. चहा झाला. आई पलीकडे बसून मेथी निवडत होती.

"दादा, बाबा पंचाहत्तरचे आहेत. त्यांना तरी सूट असेल ना? आपण कागद दिले की झालं?" नवऱ्याने विचारलं.

"छे," मी यादीच्या भरात म्हणालो. "वय कितीही झालेलं असो, स्वतः जावं लागतं. दहाही बोटांचे ठसे घेतात. त्याशिवाय अर्जच होत नाही."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. आईचा हात थांबला नाही. तिने मेथी पूर्ण निवडली, काड्या कागदात गुंडाळल्या, पाहुण्यांना दारापर्यंत सोडलं. मग येऊन समोर बसली.

"माझे ठसे कधी घेतले रे?"

मी चहाचे कप गोळा करायला लागलो.

"अर्जच केला नाहीस."

"तुला त्रास झाला असता, आई."

"झाला असता. मग तसं म्हणायचं. आई, तू येऊ नकोस, एवढंच. मी राहिले असते." तिचा आवाज वर्गात असायचा तसा सरळ होता. "बारा दिवस या घरात एकटी बसून मी त्या लोकांना शिव्या देत होते. ज्यांनी माझं तोंडही पाहिलेलं नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आईची माफी मागायला लागली तर आईने तिला हाताने थांबवलं. "तू नको बोलूस," म्हणाली.

महिन्याभरात आई चिपळूणला गेली. भांडली नाही, कारणही सांगितलं नाही. विमानतळावर मुलांना जवळ घेतलं, मला म्हणाली, "गाडी सावकाश चालव." मार्चमध्ये मी फोन करून सांगितलं की या वर्षी युरोपला आपण दोघंच जाऊ, सावकाश, एकाच गावात राहू.

"गुडघ्याचं आता खरंच होत नाही," ती म्हणाली. "आणि तू बोलावलंस म्हणून यायचं, तर तू खरं बोलतोयस की नाही ते मला रोज तपासावं लागेल. या वयात नको ते."

आम्ही दर शुक्रवारी बोलतो. ती पावसापाण्याचं सांगते, मुलांच्या परीक्षा विचारते. सहा महिने ओमानबाहेर राहिलं की इथला राहण्याचा व्हिसा रद्द होतो. तिचाही झाला. नवा काढू का, असं मी विचारलं नाही आणि तिने काही म्हटलं नाही.