अक्काच्या लग्नाची अर्धी पंगत

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. मुलाकडचे देवनहळ्ळीचे. आमच्यासारखेच कैक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलणारे. द्राक्षांचे मळे होते, गावात मान होता. मुलगा तिथल्याच शाळेत मास्तर. हुंड्याचं नावही त्यांनी काढलं नाही. मुलाचे वडील आमच्या ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "आम्हाला काही नको. आमच्या माणसांची पानं तेवढी नीट मांडा. गावात आम्ही सगळ्यांकडे जेवलोय, त्यांना तुमच्या मांडवात मान मिळाला पाहिजे."

"सरी, तसंच होईल," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे आमचे वडील. शहराच्या आरोग्य खात्यात कारकून होते आणि बसवनगुडीत भाड्याच्या घरात आम्ही राहत होतो. दिलेला शब्द आणि लागू झालेला नियम, दोन्ही ते सारख्याच गंभीरपणे घेत. ही दोन एकमेकांसमोर उभी ठाकतील असं त्या दिवशी त्यांना वाटलं नसणार.

उन्हाळा चढला, विहिरी तळाला गेल्या आणि शहरात पटकीची साथ आली. आई तो शब्द उच्चारायची नाही. शेजारच्या कानडी बायकांसारखं ‘वांतीबेदी’ म्हणायची, तेही हळू. आधी पेठेकडच्या वस्त्यांतून बातम्या आल्या, मग आमच्या मागच्या गल्लीतून एक माणूस सकाळी कामावर गेला तो संध्याकाळी गेलाच. लाउडस्पीकर लावलेली गाडी फिरू लागली. पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, टोचून घ्या.

एका संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले, टोपी खुंटीला लावली आणि आईला समोर बसवून लग्नसमारंभांचे नवे नियम सांगू लागले. पंगत पन्नास पानांपर्यंतच. छत्रातलं, म्हणजे लग्नाच्या कार्यालयातलं, पाणी उकळलेलं आणि औषध घातलेलं. कच्च्या डाळीची कोसंबरी, गुळाचं पानक, कापलेली फळं, बर्फ काही नाही. आचाऱ्यांना टोचलेलं हवं. साथीच्या गावाहून येणाऱ्यांकडे टोचल्याचा दाखला नसेल तर दारातच सुई. उरलेलं अन्न वाटायचं नाही, खड्ड्यात घालून वर चुना.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पानक नाही, कोसंबरी नाही, माणसं नाहीत. मग लग्न कशाला म्हणायचं?"

"पुढे ढकलू."

"ते ऐकतील?"

दुसऱ्या रविवारी अण्णा मला घेऊन देवनहळ्ळीला गेले. बायकांत आतल्या घरात बसून मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. अण्णांनी साथीचं सांगितलं, कार्तिकानंतरचा मुहूर्त सुचवला. मुलाचे वडील मान हलवत होते. पण त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलाची आत्या, दारात येऊन उभी राहिली. घरात तिचाच शब्द चालायचा हे मला तेव्हाच कळलं.

"आई आमची अंथरुणाला खिळलीय," ती म्हणाली. "नातवाचं लग्न बघायला जीव धरून आहे. कार्तिक कुणी बघितलाय? आणि साथ बेंगळुरात आहे. आमच्या गावात काय आहे?"

"आत्याबाई, तुमच्या गावातही दोन जण आजारी आहेत. आमच्याकडे खबर आलीय."

"ती खालच्या आळीत. आमच्यात नाही."

अण्णांनी मग नियम सांगितले. कुणी वाद घातला नाही. "बघू या, तुम्ही खात्यातलेच आहात, करालच काहीतरी," असं मुलाचे वडील हसून म्हणाले. अण्णांना तो होकार वाटला, त्यांना अण्णांचा होकार वाटला. परतीच्या बसमध्ये अण्णा मला म्हणाले, "चांगली माणसं आहेत. समजून घेतलं."

नियम मोडत नव्हतं असं कुणी नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्याच नात्यातलं एक लग्न मल्लेश्वरमकडे झालं. कागदावर पन्नास पानं आणि प्रत्यक्षात पंगतीवर पंगत. अण्णांचा साहेबही त्यांना म्हणाला होता, "घरचं कार्य आहे. आम्ही त्या दिवशी तिकडे फिरकणार नाही." अण्णांनी हे आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. पण ते पुढे म्हणाले, "मीच ती पत्रकं वाटतो. मी मोडले तर उद्या कुणाच्या दारात जाऊन काय सांगू?"

अक्का तिथेच पोलक्याला बटणं लावत बसली होती. तिने मान वर केली नाही.

लग्नाच्या दिवशी छत्राच्या दारात टेबल मांडलं होतं. खात्यातला एक कंपाउंडर स्टोव्हवर सुया उकळत बसला होता. सनई वाजत होती, आंब्याची तोरणं लागली होती आणि सगळीकडे ब्लीचिंग पावडरचा वास. वऱ्हाडाच्या दोन बस आल्या. पन्नास कसले, दोन्ही बस दाराशी लोंबकळत्या भरलेल्या. दाखला फारच थोड्यांकडे होता.

अण्णा हात जोडून पुढे झाले. "एक स्वल्प त्रास आहे. सगळ्यांनी टोचून घ्यावं. ज्यांना पंगतीत जागा नाही त्यांची क्षमा मागतो, मी स्वतः नंतर घरी येऊन..."

"व्याह्यांना सुई टोचून आत घेणार?" मुलाच्या चुलत्यांनी विचारलं. त्यांनी आवाज चढवला नव्हता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "आम्ही काय रोग घेऊन आलोय?"

"तसं नाही हो. नियम सगळ्यांना आहे. मी टोचून घेतलंय, मुलीला टोचलंय."

"मुलगी तुमची आहे, टोचा. आम्ही पाहुणे आहोत."

मुलाचे वडील मध्ये आले, चुलत्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी कन्नडमध्ये कुजबुजले. चुलत्यांनी हात झटकला आणि बसमध्ये जाऊन बसले. त्यांच्यामागून एकेक करत बरीचशी माणसं गेली. म्हाताऱ्या बायका होत्या, नव्या चोळ्या घातलेल्या मुली होत्या. एका बसमध्ये माणसं मावेनात, म्हणून दुसरीही त्यांना घेऊन परत गेली. उरलेल्यांत मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्या मुलाने पहिल्यांदा बाही वर केली. त्याच्यामागून त्याच्या वडिलांनी. आत्या दंडाला पदर गुंडाळून कितीतरी वेळ उभी होती. शेवटी टोचून घेतलं, पण कंपाउंडरकडे न बघता.

मुहूर्त साधला. अक्षता पडल्या. मी अक्काच्या मागे उभी होते.

पंगत बसली. केळीची पानं मांडली होती त्यांतली कितीतरी रिकामी राहिली. गरम भात, सारू, एक भाजी, एक गोड. सगळं चुलीवरून थेट पानात. आत्याने पाण्याचा घोट घेतला आणि तांब्याकडे बघून तो पानावरच टाकला. "ह्याला औषधाचा वास येतोय," ती म्हणाली, पान दुमडलं आणि न जेवता उठली. तिच्या शेजारच्या दोघी तिच्यामागे उठल्या. अण्णा वाढत होते. हातातली पळी तशीच धरून ते थांबले. मग पुढच्या पानावर गेले, कारण तिथे माणूस बसला होता.

आचाऱ्यांनी अण्णांनी सांगितलेल्यापेक्षा पुष्कळच जास्त शिजवलं होतं. ते आईचं काम. माणसं जास्त आली तर उपाशी जाऊ नयेत म्हणून तिने परस्पर सांगून ठेवलं होतं. छत्राबाहेर गरिबांची रांग नेहमीसारखी बसली होती, पण अन्न वाटायला मनाई. दुपारी मागच्या आवारात खड्डा खणला. भाताची भलीमोठी हंडी, होळग्यांच्या, म्हणजे पुरणपोळ्यांच्या, टोपल्या, सारूचं पातेलं त्यात ओतलं. चुना अण्णांनी स्वतः टाकला. रांगेतली माणसं कुंपणावरून बघत होती. एक बाई म्हणाली, "देवरे, हा काय न्याय?" आणि अण्णांनी तिला कन्नडमध्ये समजावायला सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून, रोग कसा पसरतो ते. ती ऐकून न घेता निघून गेली.

आमच्या लग्नातलं कुणी आजारी पडलं नाही. मल्लेश्वरमच्या लग्नातले पुष्कळ जण पडले. त्यात नवरीचा मामा गेला, आणि पाणी भरायला आलेली एक बाई गेली. पण पुढे वर्षानुवर्षं नात्यात त्या लग्नाच्या जेवणाचं कौतुक निघायचं. मामा गेला तो त्याचं आयुष्य संपलं म्हणून गेला, असं त्याची सख्खी बहीण आमच्या आईला सांगून गेली.

देवनहळ्ळीला अक्काचं नाव पडलं. ‘उपाशी मांडवातली.’ कुणी तोंडावर म्हणत नसे, स्वयंपाकघरातून ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणत. नवरा वाईट नव्हता. सुईला पहिला हात त्यानेच पुढे केला होता, आणि त्या घरात त्याने केलेलं धाडस तेवढंच. नवऱ्याची आजी महिन्याभरात वारली, तर तेही अक्काच्या पायगुणावर गेलं. तिच्या दिराच्या लग्नाला आम्हाला बोलावणं आलं तेव्हा अण्णांना शेवटच्या पंगतीत बसवलं. कुणीतरी हसत म्हणालं, "ह्यांना विचारून वाढा रे, नियम असतील काही." पंगत हसली. अक्का भात वाढत येत होती. अण्णांच्या पानावर तिने भात घातला, तूप घातलं आणि पुढे गेली.

पहिलं मूल जन्मतःच गेलं. नंतर झालं नाही.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं, तेव्हा अण्णांची नोकरी संपली आणि ते बहुतेक वेळ ओसरीवर बसून असत. आईच्या आजारपणात अक्का थोडे दिवस आली. एका दुपारी अण्णांनी तिला पाणी मागितलं. ते हातात घेऊन, न पिता, त्यांनी विचारलं, "माझं चुकलं का गं?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. मी असते तर म्हटलं असतं.

अक्काने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "माहीत नाही, अण्णा. माणसं वाचली असतील. पण कोणती वाचली ते कुणालाच माहीत नाही ना." एवढं बोलून ती आत डाळ शिजली का बघायला गेली. अण्णांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

ती निघाली तेव्हा मी स्टँडवर पोहोचवायला गेले. म्हटलं, "परत नको जाऊस. इथे राहा आमच्यात."

"इथे राहून काय करू?" ती म्हणाली. "तिथे निदान दिवसभर काम असतं."

बस लागली. खिडकीजवळची जागा मिळाली नाही म्हणून ती मधल्या बाकावर दोन बायकांमध्ये बसली, आणि बस हलली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला नाही.