भट्टीमास्तरांचा घाम

बेकरीतल्या भट्टीमास्तरांचा जीव मैद्याच्या गोळ्यात. बायकोवरही त्यांचं प्रेम होतं, नाही असं नाही, पण पहिला नंबर गोळ्याचा. उन्हाळा लागला की पीठ भिजवायला ते बर्फाचं पाणी घेत, कारण गोळा तापला की पाव आंबट होतो. मग गोळ्याला ओल्या फडक्याखाली निजवून, तान्ह्या बाळाचा ताप बघावा तसं दर थोड्या वेळानं हात लावून बघत.

स्वतःच्या बाबतीत मात्र सगळा उलटा कारभार. पिठात घामाचा थेंब पडणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. त्यावर त्यांनी तरुणपणीच एक अफलातून उपाय काढला होता: काम संपेपर्यंत पाणीच प्यायचं नाही. पाणी नाही तर घाम नाही, मिटला प्रश्न! पुढे दुकानात पाव विकायला बसणारी बायको त्यांच्यापुढे रोज डोकं फोडायची.

"अहो, दोन घोट घ्या. भट्टीसमोर उभे आहात, बागेत नाही."

"अगं, या अंगाला आता ऊन काय नि आग काय, सगळं सारखंच."

मग एक दिवस असा उजाडला की दुकानाच्या शटरला हात लावायची सोय नव्हती. एरवी मागच्या खिडकीतून थोडी झुळूक यायची, त्या दिवशी तिथूनही गरम वाफा येत होत्या. मास्तरांचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, पण सांगतील तर मास्तर कसले! दुपारी मात्र ते आतून खुशीत ओरडले, "अगं, बघ, कपाळ कोरडं ठणठणीत! एवढ्या उकाड्यात घामाचा थेंब नाही!"

"वा वा, हार आणते," म्हणून ती गिऱ्हाइकाकडे वळली.

थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. मास्तरांच्या हातून पाव करपतो? बायको तशीच आत धावली. मास्तर टेबलाला धरून झुलत होते, चेहरा लालबुंद. तिच्याकडे बघून ते अदबीनं हसले.

"या ताई. काय देऊ?"

जन्मभर "अगं"शिवाय हाक न मारलेला माणूस तिला ताई म्हणत होता. कपाळाला हात लावला तर चटका बसला. तिनं शेजारच्या शिंप्याला हाक मारली. त्यानं आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग दोघांनी मिळून मास्तरांना मागच्या दारी सावलीत आणलं. तिनं बर्फाच्या पाण्याची बादली उचलली आणि सगळी त्यांच्या डोक्यावर ओतली.

"अहो ताई, ते पिठाचं पाणी आहे!" मास्तर कळवळले.

"असू दे पिठाचं!" ती रडत रडत ओरडली. "पीठ तापलं की बर्फ, आणि माझा माणूस तापला तर काहीच नाही?"

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्यांच्या मानेला आणि काखेत बर्फ धरून बसली. शिंपी पुठ्ठ्यानं वारा घालत होता. तिला एकच भीती होती, की आता हा माणूस आपल्याला कायमचा ताईच म्हणणार.

दवाखान्यात संध्याकाळी मास्तरांनी डोळे उघडले. "अगं," ते म्हणाले, "पाव जळले का गं?" तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी उष्माघात म्हणजे काय ते समजावलं. घाम आला की अंग गार होतं. तो आटला, तेव्हाच घाबरायला हवं होतं. अंगावर वेळेत पाणी पडलं म्हणून निभावलं.

आता मास्तर कपाळाला फडकं बांधून मळतात, आणि पाण्याचा जग पिठाशेजारीच असतो. बायको मधेच आत येऊन त्यांच्या कपाळाला हात लावते, ओलं लागलं की गुपचूप परत जाते. परवा मास्तरांना चेष्टेची लहर आली. ती आत येताच ते वाकून म्हणाले, "या ताई, काय देऊ?"

तशी ती हसरी बाई आहे. पण त्या विनोदावर ती हसली नाही. तिनं नुसतं बादलीकडे पाहिलं, आणि मास्तरांनी निमूटपणे अख्खा पेला संपवला.